सोबत कोण आलंय?

मी यावल सोडलं तेव्हा बाबा पेशंट तपासत होते. दाराशी रिक्षा उभी होती, केळीच्या वेफर्सची पिशवी कोणत्या बॅगेत कोंबावी या विवंचनेत आई होती, आणि बाबा एका खोकणाऱ्या आजोबांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बसले होते. मी दवाखान्यातच जाऊन वाकून नमस्कार केला. पेशंटला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "तिथे तुझ्यासोबत कोण आहे?"

श्रीकांत आहे की, मी म्हटलं. माझा नवरा आधीच गुरुग्रामजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत रुजू झाला होता.

"तो कंपनीत असेल. दवाखान्यात कोण?"

मला राग आला. शिकल्यासवरल्या डॉक्टरला सोबत कशाला लागते? मी तडक रिक्षात जाऊन बसले.

यावलकरांना सांगायला नको, पण आपल्यातले जे पुण्या-मुंबईला किंवा थेट समुद्रापार गेले, ते विसरले असतील म्हणून सांगते. बाबांच्या दवाखान्यात काय होतंय हे नंतर विचारलं जाई. पहिला प्रश्न ठरलेला, "सोबत कोण आलंय?" मग सासू असो, नवरा असो की थोरला दीर, त्याला ओसरीवरच्या बाकावर बसवत आणि सांगत, "चालत आलात, जरा गप्प बसा, मग तुमचंही बीपी बघतो. सोबत आलेला माणूससुद्धा पेशंटच असतो." बाबांना फुकटचा व्याप ओढवून घ्यायची हौस आहे, असं मला वाटायचं.

मानेसरच्या जुन्या गावात मी दवाखाना थाटला. गाव आता चारी बाजूंनी कारखान्यांनी वेढलेलं आहे. शेतं विकली गेली, घरांवर मजले चढले आणि त्या खोल्यांमध्ये कामगार भाड्याने राहायला आले. ते शिफ्ट सुटली की यायचे आणि "मॅडम, बस एक सुई लगा दो, कल ड्यूटी है" एवढंच म्हणायचे. गरज नसताना सुई द्यायची नाही असा माझा हट्ट, त्यामुळे त्यांतले निम्मे दुसरीकडे वळले. राहिल्या गावातल्या बायका. त्यांच्यावरच माझी भिस्त होती.

आणि एक दिवस भतेरी आली. भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या. घरात मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला इकडे हे नाव देतात, आता पुरे म्हणून. ही भतेरी मात्र साऱ्या गल्लीला पुरून उरलेली, धिप्पाड सासू. सोबत हनुवटीपर्यंत घुंघट ओढलेली सून, सरिता. मी सरिताला विचारायचं आणि उत्तर भतेरीने द्यायचं. पोट दुखतं, भूक नाही, कामात लक्ष नाही. सुनेचा आवाजही मला ऐकू आला नाही. शेवटी मी शिकले होते तसंच केलं. "मांजी, आप ज़रा बाहर बैठिए," म्हटलं.

त्या गावात भतेरीला आजवर कुणी बाहेर बस म्हटलेलं नव्हतं. तिने सुनेचा हात धरला आणि चालती झाली. दोन-चार दिवसांत गावभर झालं, की मराठी डॉक्टरीण मोठ्यांना बाहेर काढते आणि सुनांना फितवते. खुर्च्या रिकाम्या पडल्या. पुस्तकाप्रमाणे माझं चुकलं नव्हतं, हे मी अजूनही म्हणते. पण पुस्तक काही पेशंट आणून देत नाही.

श्रीकांत म्हणाला, बंद कर यार, गुरुग्रामला एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी बघ. बाबा फोनवर म्हणाले, "परत ये. मी थकलो. इथल्या दवाखान्यातली तुझी खुर्ची तशीच आहे." त्या रात्री मला फार रडू आलं. पण मला राहून राहून सरिताच दिसत होती. निघताना तिचा घुंघट जरा सरकला होता आणि ओठ पांढरेफटक दिसले होते. तिला तशीच सोडून मी कुठेही जाणार नव्हते.

मग बाबांचा बाक आठवला, आणि इतकी वर्षं डोळ्यांदेखत चाललेली युक्ती मला मानेसरमध्ये कळली. बीपी मोजण्याआधी माणसाला जरा वेळ शांत बसावं लागतं, बोलायचं नसतं. हे वैद्यकशास्त्रच आहे. सासू बाहेर गप्प बसली की बाबा तेवढ्या वेळात आत सुनेची जीभ सोडवून घेत.

बीपीचं मशीन घेऊन मी भतेरीच्या घरी गेले. बोलायला आले नाही, तुमची तब्येत बघायला आले, असं सांगितलं. तिला बाहेरच्या खाटेवर गप्प बसवलं आणि "तोवर सुनेला बघते" म्हणत आत गेले. सरिता भिंतीकडे बघत बोलली. पोटदुखी हे नुसतं निमित्त होतं. कित्येक महिने अंगावरून भरमसाट जात होतं आणि सासूसमोर, घरात दीर असताना, हे तोंडातून निघत नव्हतं. रक्त पार उतरलं होतं. बाहेर येऊन मशीन लावलं तर भतेरीचं बीपीही खरंच चढलेलं होतं. दोघींवर उपचार सुरू झाले, दोघींना गुण आला.

आता माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर बाक आहे. इथेच वाढलेला माझा मुलगा त्या जागेला बरामदा म्हणतो, ओसरी हा शब्द त्याला माहीत नाही. बाकावर गोळी घ्यायला आलेली भतेरी बसते आणि इतर सासवांना दटावते, "चुप बैठ ले, बोलेगी तै बीपी गलत आवैगा." आत सुना बोलतात.

गेल्या हिवाळ्यात बाबा मला न्यायला म्हणूनच आले. सकाळी दवाखान्यात डोकावले, तर भतेरीने त्यांनाही बाकावर गप्प बसवलं. माझे बाबा आहेत, स्वतः डॉक्टर आहेत, हे सांगूनही तिने सूट दिली नाही. ते हाताची घडी घालून बसले. आतून सुनांचे आवाज येत होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांचं बीपी घेतलं, जास्त निघालं. मी रागावले, गोळ्या लिहून दिल्या. परत चल, हे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

ते निघाले त्या दिवशी टॅक्सी दवाखान्यासमोरच उभी होती आणि पेशंट तपासत होते मी. त्यांना निरोप द्यायला उठले, तर भतेरी आधीच टॅक्सीच्या खिडकीशी पोहोचली होती. बाबांनी यावलला मला काय विचारलं होतं, हे तिला कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

"डॉक्टर साब, चिंता ना करियो," ती म्हणाली. "हम सैं इसके साथ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. यावल माझं माहेर आहे आणि राहील. घर मात्र आता इथे आहे, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. टॅक्सी वळली. मी आत गेले आणि पुढच्या पेशंटला विचारलं, "साथ में कौन आया है?"