वास चहाचाच होता

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. विषय निघाला की मी तुरीच्या भावावर घसरायचो. आता वय झालं आहे, आठवण मात्र अजून शाबूत आहे. ती कशामुळे शाबूत राहिली, तेही या गोष्टीतच येतं.

अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये मी मॅनेजर होतो. ज्यांची ही गोष्ट, ते तिथे माल पारखायचे. मी त्यांना कायम अरे-तुरे केलं. निदान इथे तरी 'ते' म्हणतो. पोत्यातून मूठभर तूर घ्यायची, डोळे मिटायचे, अंगठ्यानं दाणे तळव्यावर फिरवायचे, मग एक दाणा दाढेखाली. "दोन दिस ऊन दाखवा याले," म्हणायचे. व्यापारी हुज्जत घालू लागला की ठरलेलं वाक्य यायचं, "दाना खोटं बोलत नाई, भाऊ. मानूस बोलते."

ओलावा मोजायचं यंत्रही होतं आमच्याकडे. त्याचा आकडा आणि यांचा अंगठा जुळला नाही, की मालक यंत्राला नावं ठेवायचे. पुढे ते कपाटातच गेलं.

पहिल्या चहाशिवाय डोकं उघडत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांचा चहा कोरा, आल्याचा. दूध कधी पचलं नाही, आणि गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊ लागल्यापासून मटण-अंडंही सुटलं. गाव बार्शीटाकळीजवळ, तिथल्या गुरुवारच्या भजनात खंजिरी वाजवायचे. सकाळी कोणी घाईनं पोतं उसवलं की हात वर करायचे, "थांब बे, आंदी डोकं उघडू दे." आणि खरंच, अर्ध्या ग्लासात त्यांची नजर धारदार व्हायची.

मग ते विसरू लागले. वीस वर्षांच्या ओळखीच्या अडत्याला त्यांनी नाव विचारलं. अडत्या म्हणाला, "जावई सासऱ्याले इसरला काय?" सगळे हसले, तेही हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, बोटाइले मोजे घातल्यावानी वाटून राह्यलं. दाना समजतच नाई. पायात मुंग्या, जीभ जळते."

"झोप झाली नसन तुही. चहा घे अजून एक," मी म्हणालो.

ते दिवसाला आठ-दहा ग्लास पिऊ लागले. प्रत्येक ग्लासानंतर घटकाभर जुना माणूस परत यायचा. म्हणून तर कोणाला काळजी वाटली नाही.

एका सकाळी त्यांनी ओली तूर पास केली. साल सुटेना, डाळीचा चुरा झाला. मी तावातावानं निघालो, तर ते फाटकावरच्या गाडीतली मूठभर तूर घेऊन उतारावरून पाय फेकत, झुलत येत होते. हमालांतून कोणीतरी बोललं, "मोझरीवाले आज दारूच्या भट्टीवरून आले वाटते."

"तोंड उघड," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

त्यांनी उघडलं. मी वाकून हुंगलं. आल्याचा वास आला, चहाचा. दुसरा कसलाही नाही.

पण सगळी मिल माझ्याकडे बघत होती. मालकांनी विचारलं, "येतो का वास?"

"येतो," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. "तुमी म्हनता त असन, सायेब. मले आजकाल काईच उमजत नाई." मुठीत राहिलेले चार दाणे जवळच्या पोत्यात टाकले आणि मिल सोडून गेले. पुढे कळलं, गावानं त्यांना भजनात बसू दिलं नाही. पिणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

निवृत्तीनंतर मी अमरावतीला मुलाकडे राहायला आलो. काही वर्षांनी माझ्या पायांत मुंग्या येऊ लागल्या. नातवाला हाक मारताना नाव सुचेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोटं बधिर होतात? जीभ जळते? डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो?" प्रत्येक प्रश्नाला मला त्यांचा चेहरा दिसत होता.

माझ्या रक्तात बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं. मी शाकाहारी, दूध नावापुरतं, वर आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं.

"पण चहा घेतला की डोकं चालतं माझं," मी म्हणालो.

"चालणारच. चहानं कंदिलाची वात वर सरकते, काका. उजेड वाढतो, तेल वाढत नाही. नसांना, मेंदूला हे जीवनसत्त्व लागतंच, आणि जेवणातून ते दूध, अंडी, मटण यांतूनच मिळतं. फार उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही."

इंजेक्शनं घेतली. दोन-तीन महिन्यांत नावं परत आली, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटू लागले.

मी पहिल्याच दिवशी त्यांच्या गावी जायला हवं होतं. रस्ता काही लांबचा नव्हता. पण औषधाचं नाव सांगायचं तर सुरुवात त्या वासापासून करावी लागली असती. दिवाळी होऊ दे म्हटलं, मग थंडी सरू दे म्हटलं. चैत्रात गेलो.

ते माघात गेले होते. खंजिरी खुंटीला होती. त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, कोरा चहा पुढे केला.

"सकाळी तोंड धुवाले बसले, डोळ्यावर पानी घेतलं अन् पडले. मांडी मोडली, मंग उठलेच नाई. लोकं म्हने, पिऊन पडला." त्या थांबल्या. "तुमी त रोज जवळ होते, सायेब. खरं सांगा. पेत होते का थे?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मले मालूम होतं. मंग मालकाले तसं कोनं सांगतलं असन?"

ग्लासातून आल्याचा तोच वास येत होता. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्याच्यामागे माफी. मी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "निघतो, वहिनी. बस चुकेल."