बाईंच्याच हातून हरवणारे शब्द

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. पनवेलमध्ये एका टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत मी आणि माझा कॉलेजातला मित्र मराठी मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम बनवत होतो. मुंबईतली पक्की नोकरी सोडून मी या भानगडीत पडलो होतो. साहेबांनी माझी खुर्ची महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती आणि वडिलांनी बजावलं होतं, "उरणच्या कचेरीने प्रोग्रॅम घेतला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत जायचं." फ्लॉपी घेऊन उरणला दुसऱ्याच दिवशी जायचं होतं.

आदल्या दुपारी, सहज म्हणून, खालच्या क्लासच्या बाईंना वर बोलावलं. पळस्प्याहून एसटीने यायच्या; पंचवीस वर्षं टायपिंग शिकवत होत्या. कॉम्प्युटरला हात पहिल्यांदाच लावत होत्या. त्यांनी एक पान टाइप केलं आणि त्यातले तीन शब्द गायब! तेच पान आम्ही दोघांनी टाइप केलं, तर सगळं जागच्या जागी.

"बाई, तुम्ही काहीतरी भलतंच बटण दाबताय!" मी खेकसलो. उद्याच्या काळजीने डोकं फिरलं होतं माझं.

"बघ तूच," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. नजर डावीकडच्या कागदावर, पडद्याकडे ढुंकूनही नाही. आणि प्रत्येक ओळ संपत आली की एन्टर.

"एन्टर कशाला, बाई? ओळ भरली की मशीन आपणहून खाली जातं."

"अरे, टाइपरायटरवर ओळ संपली की कॅरेज, तो कागदाचा रूळ, आपणच ओढतो ना? सवयीने हात जातो. तिथे ओळ संपायच्या आधी घंटा तरी वाजते. तुझ्या मशीनला तीही नाही, म्हणून अंदाजाने दाबतेय."

अंदाज! आमच्या प्रोग्रॅमची ओळ सत्तर अक्षरांची होती, टाइपरायटरच्या पानावरूनच घेतलेली. मी पडद्यावर बोट ठेवून मोजत गेलो. बाईंची एकही ओळ सत्तरच्या पुढे गेली नव्हती. ज्या तीन ओळी बरोबर सत्तरवर संपायच्या होत्या, तिथलाच शेवटचा शब्द गेला होता. बाईंचा एन्टर आणि मशीनचं खाली जाणं एकाच जागी पडत होतं.

"मोजता कशा हो?"

"मोजते कुठे? हाताला कळतं."

मी लगेच प्रोग्रॅम उघडला. त्यातल्या पाच-सहा ओळी बदलल्या आणि चूक गेली. मग बाईंसाठी ओळ संपायच्या आधी कॉम्प्युटर 'टुक' वाजेल असंही करून टाकलं.

उरणच्या कचेरीत कॉम्प्युटर एकच. पाच टायपिस्ट आळीपाळीने बसले. पाचही जणांची नजर कागदावर. टुक, एन्टर. टुक, एन्टर. एकानेही पडद्याकडे पाहिलं नाही. आम्हा दोघांच्या दोन-दोन बोटांच्या भरवशावर आलो असतो तर पाचांच्याही हातून शब्द गेले असते! तिथल्या साहेबांनी पाचही पानं वाचली आणि म्हणाले, "ठेवून जा."

पनवेलला उतरलो तो थेट क्लासमध्ये. बाईंना वाकून नमस्कार केला. त्या कुणाचं तरी पान तपासत होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, "शब्द सगळे आले?"

"आले, बाई. घेतला त्यांनी."

"मग उद्यापासून तूही ये. दोन बोटांनी किती दिवस बडवणार?"

गेलो. सकाळी सातच्या बॅचला, शाळकरी पोरींच्या शेजारी बसलो. परीक्षाही पास झालो. पण टाइपरायटरच्या घंटेवर फडकं गुंडाळून बाई म्हणायच्या, "आता कर," आणि दर वेळी माझी ओळ कागदाबाहेर जायची.