मनासेची पन्हळ

छपन्न साली मामलेदार कचेरीतल्या मनासे जासईकर या कारकुनानं घरच्या घरी दुर्बीण केली आणि पनवेलात एकच हशा पिकला. हसण्यासारखंच होतं म्हणा! आरसा जुन्या बोटीच्या खिडकीची काच वर्षभर घासून केलेला आणि नळी चक्क स्वयंपाकघरावरची पत्र्याची पन्हळ उतरवून, वळवून केलेली. बायको सोफीबाई त्या पन्हळीवरून धुमसत होत्या.

"अहो, पाऊस तोंडावर आलाय, चुलीत पाणी शिरेल. शनिवारपर्यंत काही दिसलं तर ठीक. नाहीतर रविवारी पन्हळ जागेवर!"

मनासेला दक्षिणेकडच्या नरतुरंग तारकासमूहातला तारकागुच्छ बघायचा होता. एका ठिपक्यात लाखो तारे, असं त्यानं वाचलं होतं. दिसत मात्र होता सांडलेल्या ताकाचा डाग. गडी स्वस्थ बसेल तर शपथ! सारखा स्क्रू पिळायचा, नळी हलायची, डाग आणखी पसरायचा. गुरुवारीही तेच. शेवटी वैतागून त्यानं नळी डागावर रोखलेली तशीच दोरानं बांधून टाकली.

मनासेचं घर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं; शनिवारी त्यांचा शब्बाथ, कामाला सुट्टीचा पवित्र दिवस. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ना चूल पेटवायची, ना दुर्बिणीला हात लावायचा. नेमके ढग दाटले. अंधार पडला तरी तारे दोनच. मनासेची म्हातारी आई झिल्पाबाई चहावाचून कासावीस झाली.

"मनासे, तिसरा कुठं मेला?"

मनासे अंगणात गेला. हात पाठीमागे घट्ट धरून त्यानं नुसता डोळा लावला. दक्षिणेला ढगांत फट पडली होती आणि गुरुवारच्याच वाटेनं डाग आपणहून नळीसमोर येत होता. आज नळीला कुणाचा हात नव्हता, ती जराही हलत नव्हती. आणि डाग फुटला! साखर सांडावी तसे तारे, तारे आणि तारेच! मनासे आनंदानं वेडा झाला, अंगणात गरगर नाचला.

"दिसला का तिसरा?"

"तिसरा? आई, मोजता येईनात गं!"

सोफीबाई तणतणत आल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या. त्यांना बाजूला सारून झिल्पाबाईंनी डोळा लावला.

"आपल्याला तीन पुरतात," त्या म्हणाल्या. "सोफी, चूल पेटव."

आठवड्यात पाऊस कोसळला आणि स्वयंपाकघरात धार लागली. मनासे ओशाळून नळी सोडायला उठला. सोफीबाईंनी धारेखाली पातेलं सरकवलं.

"खबरदार," त्या म्हणाल्या, "तिला हात लावाल तर!"