कसं दुखतं ते सांग

माझ्या मावशीकडे कुणी नुसतं “दुखतंय” म्हणत आलं, तर ती शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर करायची नाही. “दुखतं सगळ्यांचंच. कसं दुखतं ते सांग.” दाढ ठसठसत असेल तर लवंग. मान आखडली असेल तर एरंडाचं पान, तेल लावून, गरम करून. आणि ठणकत असेल तर निरगुडी: पाला तव्यावर परतायचा, फडक्यात बांधायचा आणि पाव तास शेकत बसायचं. कुठं दुखतं यापेक्षा क्रियापदावर तिचा भरवसा. शाळेत मावशीबाई व्याकरणात नापास झाल्या होत्या, हे मी मुद्दाम सांगते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी ही क्रियापदं चांगली हेरून ठेवली होती. दर रविवारी जेवणं आटोपली, की त्यांचा उजवा खांदा ठणकायचा. मावशी कुरकुरत मशीन थांबवायची, मागच्या दारची निरगुडी ओरबाडून आणायची आणि त्यांच्याजवळ बसून शेकायची. आम्ही भाचरं गालातल्या गालात हसायचो.

एका रविवारी मात्र दुखणारा खांदा डावा निघाला.

“ठणकतंय?” तव्यावर पाला टाकत मावशीनं विचारलं.

“ठणकतंय,” काका म्हणाले. मग चाचरत, “म्हणजे, आवळतंय गं. इथं, छातीत.”

मावशीनं गॅस बंद केला. “आवळण्यावर माझ्याकडे पाला नाही,” एवढंच बोलली आणि माझ्या हातात गाडीची किल्ली कोंबली. काका वाटभर “शेकून तरी बघ” म्हणत होते. ती त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. घाबरलेली मावशी मी कधी पाहिली नव्हती.

हृदयाचा झटका होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी काकांना दवाखान्याच्या खाटेवर उपरती झाली. “एक सांगू? उजवा खांदा कधी ठणकलाच नाही. तू तेवढाच वेळ जवळ बसायचीस.”

“माहीत आहे. ठणकणाऱ्या हातानं कुणी भरलेली बादली उचलत नाही.”

“मग पाला कशाला परतत होतीस?”

मावशी त्यांची चादर नीट करत राहिली.

“तुम्ही हाक मारली नसती, तर मी कुठली मशीनवरून उठते?”