साडेचार तासांचं लंडन

आमच्या कुंडलच्या घरातून कुणी लांब निघालं, की ते माणूस पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत आई झाडूला हात लावत नाही. भाऊ सुट्टी संपवून पलटणीत जायचा, तेव्हा दोन-दोन दिवस सोप्यात कचरा तसाच. झाडलं की गेलेल्या माणसाची वाट पुसली जाते, असं तिचं म्हणणं. मी यावरून तिला पुष्कळ चिडवलंय.

लग्नानंतर मी पहिल्यांदा लंडनला निघाले, तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, माझं तिकीट चष्मा लावून वाचलं. त्यांनी सैन्यात ट्रक चालवण्यात हयात घालवली. अंतर आणि वेळ यांत त्यांना कुणी शिकवलेलं खपत नाही. मुंबईहून दुपारी एकला सुटणार, लंडनला साडेपाचला उतरणार. "म्हंजे साडेचार तास," ते आईला म्हणाले. "आपल्याला मुंबईला जायाला सात लागत्यात. पोरगी मुंबईपरास जवळ पडली की."

परतीच्या तिकिटावर मात्र सकाळी दहा ते रात्री साडेबारा होतं. मी दोन देशांच्या घड्याळांतला फरक सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी उत्तर काढलंही होतं. "जाताना उतार आसंल, येताना चढ."

मला इतकं हसू आलं, की मी ते तसंच राहू दिलं. शिवाय आई तेवढ्यावर निर्धास्त झाली होती.

खरं म्हणजे ते सात हजार किलोमीटर कापायला विमानाला दहा तास लागतात. घरी साडेपाच वाजले तसे आबा म्हणाले, "पोचली. झाड आता." दिवेलागणीनंतर झाडलेलं आईला चालत नाही, म्हणून तिनं घाईघाईनं सोपा, अंगण, सगळं लख्ख केलं आणि फोनपाशी बसली. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. मी तेव्हा कुठल्याशा डोंगरांवरून जात होते, पुढ्यातला गार भात चिवडत.

उतरल्यावर फोन केला, तर तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "पोचलीस?" एवढं विचारून ती रडायलाच लागली. "मी झाडलं गं. तू वर असतानाच झाडलं."

मागून आबांचा आवाज आला, "माजी चूक झाली, पोरी." त्यांनी चूक कबूल केल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला फार लाज वाटली. चूक माझी होती.

यंदा दोघं महिनाभर आमच्याकडे राहून गेली. त्यांना विमानतळावर सोडून आलो, तर ओट्याखाली आईच्या भाकरीचं पीठ सांडलेलं आणि खुर्चीखाली आबांच्या शेंगांची टरफलं. नवऱ्यानं व्हॅक्यूम क्लीनर काढला. मी तो त्याच्या हातातून घेऊन कपाटात ठेवला.

"नऊ तासांत मुंबईत असतील," तो म्हणाला.

"कुंडलला पोहोचू देत."

मुंबईत पाहुण्यांकडे थांबून ती दुसऱ्या दिवशी गावी जाणार होती. सकाळचा चहा मी त्या पिठाशेजारी उभं राहूनच घेतला. नवरा टरफलं ओलांडून कामावर गेला. मग फोन वाजला. आबा होते.

"तुजी आई इचारतीया, झाडलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आबा."

"मग झाड आता. आमी दोघं घरात हाय."