उदक सोडून घेतलेले चूर्ण

आयुष्यभर संस्कृत शिकवल्यामुळे म्हणा वा घरच्या वळणामुळे म्हणा, धर्माच्या नावाने कोणी काही सांगू लागले की ते आधी हात जोडून ऐकावे, विचार मागाहून करावा, अशी माझी रीत आहे. गेल्या चातुर्मासात या रीतीची परीक्षा एका प्लास्टिकच्या डब्याने घेतली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मेहुणे गेल्यापासून जुळे सोलापुरात आमच्याकडेच राहते. तिला मधुमेह आहे. सकाळची आणि संध्याकाळची गोळी ती देवपूजेइतक्याच नेमाने घेत असे. आषाढात आमच्या वसाहतीतील दत्तमंदिरात तिच्या भजनी मंडळापुढे बोलायला एक गृहस्थ आले. शुभ्र धोतर, कपाळी गंध, वाणी अत्यंत मधुर. देह हे देवाचे मंदिर आहे, या विषयावर ते तासभर बोलले आणि त्यानंतर त्यांच्या गाडीतून मधुमेहावरील चूर्णाचे डबे उतरले.

इथवर माझी काही तक्रार नाही. ज्याच्याजवळ माल आहे त्याने मालाची स्तुती करावी, हे जगरहाटीला धरूनच आहे. परंतु त्या गृहस्थांनी डब्यांबरोबर पळी-पंचपात्रही आणले होते. प्रत्येक बाईच्या ओंजळीत त्यांनी पळीभर पाणी घातले आणि तिच्याकडून संकल्प वदवून घेतला : चातुर्मास संपेपर्यंत हे चूर्ण नित्य सेवन करीन आणि विषारी गोळ्यांना स्पर्श करणार नाही. बायकांनी ताम्हनात उदक सोडले. संकल्प ही आपल्याकडे किती गंभीर गोष्ट! देश, काळ, गोत्र, नाव यांचा उच्चार करून मनुष्य स्वतःला देवापुढे बांधून घेतो. त्याच उदकाने गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची युक्ती ज्याला सुचली, त्याच्या बुद्धीला काय म्हणावे हे मला अद्याप उमगलेले नाही.

मला हे कळले ते पंधरवड्यानंतर, पत्नीकडून. "अहो, वन्संच्या गोळ्यांची पाकिटं तशीच पडून आहेत," ती म्हणाली.

मी अक्काजवळ बसलो. ज्यांनी उपवास मोडत नाही अशा गोष्टींत शास्त्रकारांनी औषधाची गणना केली आहे, हे मी तिला सविस्तर समजावले. तिने शांतपणे ऐकले.

"ते उपवासाचं झालं," ती म्हणाली. "माझा नेमच गोळी सोडायचा आहे. एवढं शिकलास, आणि इतकं कळू नये तुला?"

मग मी डबा हाती घेतला. वर एक श्लोक छापलेला होता, शुद्ध होता. खाली जटाधारी ऋषींचे चित्र. शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही, अशी ग्वाही. घटकांच्या जागी 'दुर्मिळ वनौषधींचे गुप्त मिश्रण' एवढेच शब्द. कोणी बनवले, कुठे बनवले, परवाना कोणता, याचा पत्ता नाही; होता तो फक्त एक मोबाइल क्रमांक. आयुर्वेदाविषयी मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच माझा संताप अधिक होता. खरा वैद्य नाडी पाहतो, चार प्रश्न विचारतो, काय देतो आहे त्याचे नाव सांगतो. दुकानात मिळणाऱ्या साध्या त्रिफळ्याच्या डबीवरही आत काय आहे ते लिहिलेले असते.

"अक्का, यात आहे तरी काय?"

"वनौषधी."

"कोणत्या?"

"चांगल्या."

शेजारच्या काकू मंडळातल्याच. त्यांनी आपला अनुभव मुद्दाम येऊन सांगितला. चूर्णाने त्यांच्या गुडघ्याला लई फरक पडला होता की. चूर्ण साखरेवरचे आहे ना, असे मी नम्रपणे विचारले, तर ते सगळ्यालाच चालते, असे उत्तर मिळाले. त्याच सुमारास काकू एका बाईंकडे गुडघ्याचे व्यायाम शिकायलाही जात होत्या, हे बोलता बोलता निघाले. त्या व्यायामाला मात्र कोणी श्रेय देईना.

भाद्रपद लागला तशी अक्काची तहान वाढली. ती दुपारीही थकून निजू लागली. चपलेने पायाच्या अंगठ्याला फोड आला होता, तो फुटला पण भरेना. पत्नीने घरच्या यंत्रावर तिची साखर पाहिली. आकडा भलताच वाढलेला होता, आणि अक्का म्हणाली की यंत्र बिघडले आहे. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पाय ताबडतोब दाखवायला सांगितले आणि मधुमेहात अशी जखम अंगावर काढली तर बोट गमवावे लागते, असेही स्पष्ट बजावले. मी ते शब्द अक्काला जसेच्या तसे सांगितले. डॉक्टर गोळीच देणार, म्हणून तिने यायचे नाकारले. मी रागावलो, विनवण्या केल्या, एकदा तर तिच्या पायाशी बसलो. माझी सगळी विद्या त्या डब्यावर आपटून परत येत होती.

अशात एकादशी आली. ज्यांच्या घरी कडक उपवास करणारे माणूस आहे त्यांना सांगायला नको की त्या दिवशी घरात जणू न्यायालय भरते. पत्नीने बटाट्याचे वेफर्स आणले होते. अक्काने विचारले, तेल शेंगदाण्याचे की सरकीचे? मीठ सैंधव की साधे? त्याच कढईत शेव तळतात का? पत्नीने दुकानदाराला फोन लावून एकेका प्रश्नाचे उत्तर मिळवले, तेव्हा कुठे अक्काने दोन वेफर्स तोंडात टाकले. मग तिने चूर्णाचा डबा काढला आणि कोमट पाणी मागितले.

मी काही डाव टाकला नाही. निव्वळ वैतागून माझ्या तोंडून गेले, "अक्का, या चूर्णात धान्य नाही ना?"

तिचा चमचा हवेतच थांबला. डबा फिरवून फिरवून तिने पाहिला. "मागच्या एकादश्यांनाही मी हे घेतलं रे," ती हळूच म्हणाली. मग तिने मला डब्यावरचा क्रमांक लावायला आणि आवाज मोठा करायला सांगितले.

"दादा, आज एकादशी आहे. तुमच्या चूर्णात धान्य आहे का?"

"माऊली, सगळं नैसर्गिक आहे."

"गहूही नैसर्गिकच की."

"श्रद्धा ठेवा, माऊली. फॉर्म्युला गुप्त असतो."

"श्रद्धा आहे म्हणून तर विचारते. मीठ कुठलं घालता?"

पलीकडे थोडी चुळबुळ झाली. मग ते गृहस्थ म्हणाले की डबे बाहेरून भरून येतात, आत काय असते ते त्यांनाही कोणी सांगत नाही, ते केवळ वितरक आहेत.

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही," अक्का म्हणाली, "आणि माझ्या ओंजळीत पाणी तुम्ही घातलंत."

फोन बंद झाला. अक्काने चमच्यातले चूर्ण परत डब्यात ओतले आणि झाकण लावले. संकल्पाचे काय, हे विचारण्याचे धाडस माझ्यात नव्हते. तिनेच निकाल दिला. ज्या वस्तूचे नाव देणाऱ्याला माहीत नाही आणि घेणारीलाही माहीत नाही, तिच्यावर सोडलेले उदक हे नुसतेच सांडलेले पाणी. हाच विचार मी महिनाभर तीन-चार ग्रंथांच्या आधारे मांडत होतो, पण त्याला सरकीच्या तेलाची फोडणी नव्हती.

संध्याकाळी रिक्षाने आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम साफ केली, रक्त तपासायला पाठवले, गोळ्या बदलून दिल्या आणि तिला चांगलेच बोलले. चूर्णाचा डबाही त्यांनी ठेवून घेतला. कोणतेही औषध सुरू करण्याआधी मला दाखवा, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, एवढेच त्यांचे मागणे होते. अक्काने मान हलवली आणि तिथून औषधांच्या दुकानात जाऊन तिने त्या मागणीचा विस्तार केला. प्रत्येक पाकिटावरचे नाव, मुदत, गोळी कशासाठी, जेवणाआधी की नंतर, हे सर्व तिने दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घेतले. मागे रांग वाढत गेली.

"आजी, आमालाबी घरी जायचंय की," मागचा एक जण म्हणाला.

"मग तुम्हीही विचारून घ्या, घरी जाऊन कोण सांगणार?" अक्का मागे न वळता म्हणाली. मी दुकानाच्या पायरीवर टेकलो.

बोट वाचले, पण अंगठा पुरता भरून यायला दिवाळी उजाडली. इतका काळ लागला याचे कारण, डॉक्टरांच्या मते, औषधे बंद ठेवून केलेला उशीर. अक्काच्या मते दोष माझा आहे. श्रावणातही एकादशी होतीच; धान्याचे तेव्हाच विचारायला मला काय झाले होते, असे ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मला विचारते.