पुढच्या दारानं

आमटीची वाटी नाकाशी नेली की भाऊ डोळे मिटायचे. तेवढा वेळ हॉटेलातल्या माश्यासुद्धा बसल्या जागी थांबतात, असं आम्ही गिरणीतले लोक म्हणायचो. गल्ल्यावरचा मालक मान लांब करून बघत राही. भाऊ एक घास घेत, दुसरा घेत, मग ताट पुढं सारून साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणत, "चला, खाल्लं म्हणायचं!"

एवढं बोलणं पुरे होई. चार दिवसांत त्या हॉटेलातली गर्दी शेजारच्या हॉटेलात गेलेली दिसे.

चव जमली असेल तर भाऊ काहीच बोलत नसत. नुसती आणखी एक भाकरी मागत. मी त्यांच्याबरोबर हिंडलो त्या काळात ती भाकरी फार थोड्यांच्या नशिबी आली.

नाव सांगत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते ओळखतील. उस्मानाबादच्या बाहेर, तुळजापूर रस्त्याला सूतगिरणी झाली होती. तिथं ते हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून, लोहारा गावाहून नुकताच आलेला. बहात्तरचा दुष्काळ सरून दहा-बारा वर्षं झाली होती आणि नवा दारात येऊन उभा होता. शेती पिकत नव्हती, पण सहकारी पाट्या मात्र जिकडंतिकडं उगवत होत्या. गिरणी सहकारी, दूध डेअरी सहकारी, गिरणीमागच्या माळावर उभी राहणारी घरांची सोसायटीही सहकारीच. गिरणी आली म्हणून ट्रक आले, ट्रक आले म्हणून रस्त्याकडेला पत्र्याची हॉटेलं आली. कुणी गाव सोडून आलेला शेतकरी, कुणी मोडलेला किराणावाला. ज्याला दुसरं काही येत नव्हतं तो भजी तळायला बसला.

रविवारी भाऊ सायकल काढत आणि मला हाक मारत, "चला, नवीन कोन आलंय बघू." आम्ही येडशी स्टेशनापर्यंत जायचो, कधी तुळजापूरपर्यंत. कुठं चुरमुऱ्यांचा सुशीला, कुठं उसळ, कुठं हुलग्याचं माडगं. भाऊ मला शिकवत. कांदा कच्चा राहिला की कसं कळतं, तेल कितव्यांदा तापलंय, शेंगदाणा खवट कधी होतो. आणि परत येताना हॉटेलाला नाव ठेवत. हसून हसून माझी सायकल वाकडी जाई.

त्यांनी ठेवलेलं नाव चिकटायचं. नाक्यावर एका माणसाचं चहाचं हॉटेल होतं. वरती देवाच्या नावाची पाटी होती. त्याची बायको कुणाबरोबर तरी निघून गेली होती. चहा पांचट होता, म्हणून भाऊ म्हणाले, "साखर बी बायकूच्या संगं पळाली जनू. पळपुटीचं हॉटेल हाय हे." गिरणीत दिवसभर हशा चालला. पुढं पुढं ट्रकवाले तेच नाव सांगून पत्ता द्यायला लागले. एक दिवस एसटी थांबली आणि कंडक्टरनं दारातून सहज आरोळी ठोकली, "पळपुटीचं हॉटेलवाले, उतरा!" मालक रस्त्यावरच उभा होता, हातात किटली घेऊन. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पत्रे काढून नेले.

मी भाऊंना ते सांगितलं. ते म्हणाले, "चहा येत न्हवता त्याला. मी काय करू?"

मला वाटायचं, हा माणूस घरी तरी कसा वागत असेल? मग एकदा कागदावर सही हवी म्हणून त्यांच्या घरी गेलो. सोसायटीत त्यांचं घर नुकतंच झालं होतं, भिंतींना गिलावा नव्हता. आत खाटेवर वहिनी पडून होत्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, शब्द तुटक. मूलबाळ नव्हतं. भाऊ जमिनीवर बसून त्यांना भात भरवत होते. भात चिकट झाला होता, खाली लागलेला होता, करपल्याचा वास येत होता. वहिनी दात मिटून घेत.

"एक घास," भाऊ म्हणत होते. "घ्या की. एकच. माझ्यासाठी."

साऱ्या जिल्ह्याच्या आमटीला नावं ठेवणारा माणूस स्वतःच्या हातचा करपा भात हातात घेऊन गयावया करत होता. मला बघून ओशाळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हिच्या हातची येसराची आमटी खाल्ली असती म्हंजे कळलं असतं तुम्हाला. ती चव हुडकतोय म्या. कुठंच न्हाय."

येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेली पूड. आमच्याकडं घरोघरी असते, पण प्रत्येक घरची भाजणी वेगळी. तेव्हा मला रविवारच्या सायकलफेऱ्यांचा अर्थ कळला.

ती चव सापडली ती अगदी दाराशी. सोसायटीच्या कमानीपलीकडं एका बाईनं खानावळ काढली. सगळे तिला अक्का म्हणायचे. नवरा एसटीत मेकॅनिक होता, तापात गेला, आणि ती सासर सोडून इकडं आली. भाऊंनी वाटी उचलली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग जेवत राहिले. एक भाकरी मागितली. पुन्हा एक मागितली. जाताना अक्काला म्हणाले, "एक डबा बांधून द्या. आजारी मानूस हाय घरात."

त्या दिवशी वहिनी जेवल्या. भाऊ गिरणीत येऊन मला म्हणाले, "वाटी चाटली हो तिनं!" आणि तोंड फिरवून कपाटातलं काहीतरी शोधू लागले.

मग रोजचा डबा लागला. भाऊ दुपारी गिरणीत असत, म्हणून अक्का स्वतःच तो घेऊन जाई आणि वहिनींना भरवून येई. दोघींचं काय बोलणं व्हायचं कोण जाणे, पण वहिनींच्या अंगावर मांस दिसू लागलं. उशीला टेकून बसू लागल्या. भाऊंनी अख्खी गिरणी अक्काकडं जेवायला नेली. आमच्या ट्रकवाल्यांना दुसरीकडं थांबू देईनात.

अक्का बौद्ध होती. तिनं ते लपवलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर होतं, आत येणाऱ्या कुणालाही दिसेल असं. पण भाऊंची नजर ताटाच्या बाहेर कधी गेलीच नाही. बाकीच्यांनी पाहिलं होतं. भूक लागलेली होती, चव होती, भाऊंसारखा माणूस शेजारी जेवत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

बोलले ते सोसायटीचे चेअरमन. मोटारसायकलवर फिरणारा, हसऱ्या तोंडाचा माणूस. सोसायटीच्या बैठकीत चहा आला तेव्हा ते भाऊंकडं बघून म्हणाले, "भाऊंना विचारा चहा कसा झालाय ते. पर आता त्यांची जीभ बाटली की! वहिनींना बी तिकडचंच चारतेत रोज." आणि अक्काची जात सांगितली.

सगळे हसले. आजवर भाऊंनी लोकांना नावं दिली होती, त्या दिवशी त्यांना मिळालं. संध्याकाळपर्यंत गिरणीच्या फाटकावर कुणीतरी म्हणालंच, "बाटली जीभ आली."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काची खानावळ भरलेली होती. भाऊ आले आणि मधल्या बाकावर बसले. मी समोरच होतो. अक्कानं ताट आणलं. भाऊंनी वाटी उचलली नाही. पाण्याचा तांब्या घेतला, सावकाश उचलला आणि ताटावर ओतला. भाकरीवर, आमटीवर, सगळ्यावर. त्या दिवसांत सोसायटीत टँकरखाली बाया घागरीसाठी एकमेकींचे केस धरत होत्या. पाणी बाकावरून खाली गळलं.

"चला, खाल्लं म्हणायचं," भाऊ उठून म्हणाले. "गावात पानी न्हाय, तरी बी आज आंघोळ करावी लागंल."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बरेचजण हसले.

अक्का उभी होती. तिनं भिजलेली भाकरी गोळा केली, फडक्यानं बाक पुसला. म्हणाली, "पुढचं कोन जेवतंय? बसा."

कुणी बसलं नाही. आठवडाभरात तिथं मी आणि लांबच्या गावचे दोन ड्रायव्हर तेवढे उरलो. बाकीचे कमानीतून जाताना एकमेकांना विचारत, "आंघोळ झाली का?"

डबा बंद झाला. भाऊ पुन्हा भात शिजवू लागले. वहिनी पुन्हा दात मिटू लागल्या. दुपार झाली की दाराकडं बघत आणि म्हणत, "अक्का?" खानावळ काही लांब नव्हती. वारा तिकडून आला की येसर भाजल्याचा वास थेट खाटेपर्यंत येई. भाऊ उठून खिडकी लावत. भर चैत्रात, पत्र्याखाली, खिडकी लावून दोघं बसलेली असत.

एका दुपारी मी अक्काकडं जेवत होतो. मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. भाऊ होते. हातात रिकामा डबा, वर टॉवेल झाकलेला.

"अक्का," ते हळू म्हणाले, "तिनं चार दिस झालं अन्न घेतलं न्हाय. तेवढा डबा..."

अक्का चुलीपुढून उठली. डबा घेतला, धुतला, आमटी भरली, वर दोन भाकरी मोडून ठेवल्या. मला वाटलं, देणार. पण ती मागच्या दाराकडं वळलीच नाही. डबा घेऊन पुढं आली आणि रस्त्याकडच्या पहिल्या बाकावर ठेवला.

"न्ह्या," ती म्हणाली. "वयनीसाठी म्या कधी बी दीन. पर पुढच्या दारानं न्ह्या, भाऊ. समद्यांच्या देखत."

रस्त्यापलीकडं टँकरची रांग होती. अर्धी सोसायटी घागरी घेऊन उन्हात उभी होती. भाऊ मागच्या दारातून त्या डब्याकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मग ते आले तसे मागच्या मागं निघून गेले.

मी हात धुतले आणि त्यांच्या पाठोपाठ गेलो. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. घरात शिरलो तेव्हा ते वहिनींच्या खाटेशी उभे राहून बोलत होते, मोठमोठ्यानं, जणू वहिनी बहिऱ्या असाव्यात.

"ती आपल्यातली न्हवं! समजलं का? फसवलं तिनं आपल्याला. तुमाला बाटवलं."

वहिनींनी मान हलवली. ओठ वाकडे होत होते, शब्द ओढून काढावा लागत होता.

"ठावं... हाय."

"काय ठावं हाय?"

"पयल्या... दिशी. सांगितलं... तिनं. घास... द्यायच्या आदी."

भाऊ खाली बसले. वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या बघत होत्या. मग पुन्हा दाराकडं बघू लागल्या. मी बाहेर आलो.

वैशाखात वहिनी गेल्या. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. चूल पेटत नाही अशा घरी पहिल्या दिवशी शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, तशी सोसायटीनं आणली. चेअरमनच्या घरून सगळ्यांत मोठं पातेलं आलं. भाऊ जेवले की नाही मी पाहिलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर, एका दुपारी, मी गिरणीतून येत होतो. भाऊ भादरलेल्या डोक्यावर पांढरी टोपी घालून, रस्त्याच्या मधोमध चालत अक्काच्या खानावळीकडं निघाले होते. लपतछपत नाही. टँकरच्या रांगेतल्या बाया बघत होत्या. ते पुढच्या दारानं आत गेले. मीही मागं जाऊन उंबऱ्याशी थांबलो.

आत बाक नव्हते. ते विकले गेले होते. चूल विझलेली होती. अक्का भांडी पोत्यात भरत होती. सोलापूरकडं जायला गाडी सांगितलेली होती, तिकडं तिचा सख्खा भाऊ होता.

"अक्का," भाऊ म्हणाले, "म्या आलोय."

तिनं वर पाहिलं. "आता कुनासाठी?"

भाऊंनी पोत्याचं तोंड धरायला हात पुढं केला. अक्कानं पोतं आपल्याकडं ओढलं आणि स्वतःच सुतळीनं बांधलं. गाडी आली. भांडी चढली. ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली आणि गाडी निघून गेली. ती रडली नाही, काही शापही दिला नाही. दिला असता तर भाऊंना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

भाऊ त्या रिकाम्या शेडपुढं उन्हात उभे राहिले. मी "चला" म्हणालो, त्यांना ऐकू गेलं नसावं. तेवढ्यात चेअरमनची मोटारसायकल आली. शेजारी येऊन थांबली.

"उन्हात काय करताय, भाऊ? बैठक हाय आज. यंदा तुमाला व्हाइस चेअरमन करायचं ठरलंय. बसा मागं."

भाऊंनी एकदा शेडकडं पाहिलं. एकदा माझ्याकडं पाहिलं. मग धोतर सावरून मागं बसले. गाडीनं खडबडीत रस्त्यावर उसळी घेतली, आणि तोल जाऊ नये म्हणून भाऊंनी चेअरमनच्या खांद्यावर हात ठेवला.